चकती काढायची रीत

॥ श्री ॥
चिखली,
दि. ८ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप दादास,
रुख्मिणीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. पायाचं प्लॅस्टर अजून महिनाभर निघणार नाही हे वाचून वाईट वाटलं. तरीही तू दुकानात स्टुलावर पाय ठेवून लोकांच्या जळक्या पंपमोटरींत नवी तार भरत बसतोस, याचा रागही आला. यंदा भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं. चंद्र लाडू मागत नाही, त्यामुळे डबा भरलेलाच आहे. वरवट बकालकडे कोणी येणारं भेटलं की पाठवते.

आता माझं रडगाणं ऐक. आमचं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलंय. सासूबाईंना लकवा मारून दोन वर्षं झाली. त्यांच्या दिवसाला चार चादरी निघतात हे तुला ठाऊक आहे. बदली होऊन गेलेल्या शेजारच्या इंजिनिअरसाहेबांनी कुवेतहून आणलेलं हे मशीन आम्हाला दिलं, म्हणून तर माझी शाळा टिकली. दिवाळीची सुटी लागली त्या शनिवारी घरी येऊन बटण फिरवलं, तर नुसतं घुं घुं करतं आणि रबर जळाल्याचा वास येतो. इथल्या रेडिओवाल्याने लांबूनच पाहून हात जोडले. सोबतची पुस्तिका जपानी अक्षरांत आहे, ती मी उभी-आडवी धरून पाहिली.

शाळा २१ तारखेला उघडते. हाताने चार चादरी धुऊन, त्यांचं सगळं आवरून साडेदहाला वर्गावर उभं राहणं माझ्याने होत नाही. मागच्या वर्षी करून पाहिलं आहे. तोपर्यंत मशीन सुरू झालं नाही तर राजीनामा देणार. कागद लिहून ठेवला आहे. मशीन बंद पडल्यापासून सासूबाई भिंतीकडे तोंड करून असतात. विचारलं तर म्हणतात, मले काई नाई झालं, तू तुह्यं काम कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापा. लोभ आहे तो वाढो, पायही लवकर बरा होवो.

तुझी,
रुख्मिणी

॥ श्री ॥
वरवट बकाल,
दि. ११ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. रुख्मिणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. राजीनाम्याचा कागद डब्याखाली दाबून ठेव आणि मी सांगतो ते कर. खरं सांगायचं तर असलं मशीन मी जन्मात पाहिलेलं नाही. पण त्यात मोटर आहे, आणि मोटर कुवेतची असो की मोताळ्याची, ती घुं घुं करते म्हणजे जिवंत आहे. तिला फिरू देत नाहीये कोणीतरी. दुकानातला वाहेद शेजारी बसून तुझं पत्र ऐकत होता, त्याचंही हेच मत पडलं.

आधी प्लग काढ. बटण बंद करून चालणार नाही, प्लग काढून स्वतःच्या पदराला बांध. मग मागचं झाकण खोल. आत मोटरजवळ डबीसारखं कंडेन्सर असेल, त्याला बोट लावायचं नाही. प्लग काढल्यावरही ते झटका देतं. मोटरवरून वरच्या चाकाला एक पट्टा गेलेला दिसेल. तो उतरव. मग मोटरचं चाक हाताने फिरवून पाहा, आणि टबाच्या तळाची, कपडे घुसळणारी चकती वेगळी फिरवून पाहा. कोणतं फिरतं आणि कोणतं अडतं, एवढंच मला कळव.

प्लगला दोनच पिना असतील तर हिंमतराव मेहुण्यांना म्हणावं, अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ भरा आणि अर्थिंग करून घ्या. तेवढं झाल्याशिवाय ओल्या हाताने कोणी मशीनजवळ जायचं नाही.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. कळावे, तार सोडून बाकी सगळ्यांशी लोभ असावा.

तुझा,
इंद्रभान

॥ श्री ॥
चिखली,
दि. १४ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप दादास,
रुख्मिणीचा शि. सा. न. वि. वि.

झाकण खोललं. सहा स्क्रू निघाले, ते वाटीत तेल घालून ठेवलेत. यांनी बॅटरी धरली होती. तुझे मेहुणे एस.टी.त कंडक्टर, तिकीट फाडण्यात वाकबगार, पण बॅटरीचा उजेड सगळा वेळ स्वतःच्याच तोंडावर. खड्डा मात्र त्यांनी इतका खोल खणला की शेजारच्यांना वाटलं विहीर घेतो आहोत.

पट्टा उतरवला. एका बाजूने करपलाय, पण तुटलेला नाही. मोटरचं चाक बोटाच्या धक्क्याने फिरतं. टबातली चकती मात्र तसूभरसुद्धा हलत नाही. दादा, मी मराठी आणि भूगोल शिकवणारी बाई, माझे हात काळे झालेले पाहून मलाच हसू आलं.

मशीन ठेवलेली न्हाणी सासूबाईंच्या खोलीतून दिसते. त्या मान वळवून सगळं बघत होत्या. खोलू नको, मोडंल, काऊन खोलतं, असं दोनदा म्हणाल्या. आता सात दिवस उरले. तू लवकर लिही.

तुझी,
रुख्मिणी

॥ श्री ॥
वरवट बकाल,
दि. १६ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. रुख्मिणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

शाबास. माझ्या दुकानात दोन वर्षं काम केलेल्या माणसाला एवढं नीट सांगता येत नाही. मोटर ठीक, पट्टा ठीक, म्हणजे दुखणं चकतीखाली आहे.

चकतीच्या मधोमध एक स्क्रू असेल, साबणाने थिजलेला. त्यावर चमचाभर रॉकेल टाकून रात्रभर ठेव. सकाळी जाड पेचकस त्यात बसवून सगळं वजन टाकून फिरव. स्क्रू निघाला तरी चकती सहज वर येणार नाही. पेचकसाने उचकटू नकोस, प्लॅस्टिक तडकेल. परकराचे दोन नाडे घे, चकतीच्या कडेखाली समोरासमोर सरकव आणि दोघांनी दोन बाजूंनी सारखं वर ओढा. एकाने जास्त जोर लावला तर ती तिरपी अडकेल. खाली जे सापडेल ते कळव.

लोभ असावा, जोर सारखा असावा.

तुझा,
इंद्रभान

॥ श्री ॥
चिखली,
दि. १९ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप दादास,
रुख्मिणीचा शि. सा. न. वि. वि.

मशीन सुरू झालं. हे आधी लिहिते, म्हणजे तू बाकीचं स्वस्थ वाचशील.

चकती तू सांगितलंस तशीच निघाली. खाली दांड्याला एक फडकं पिळा घालून बसलं होतं, हिरव्या लुगड्याची फाडलेली पट्टी. सासूबाईंच्या अंगाखाली घालायच्या फडक्यांपैकी. मी ते हातात धरून तशीच बसले. कारण ही फडकी मी कधीच मशीनमध्ये टाकत नाही. लहान असतात, कुठे अडकतील म्हणून पहाटे वेगळ्या बादलीत हाताने धुते. यांना विचारलं, तर यांना फडकी कुठे ठेवतात हेसुद्धा माहीत नाही.

मग मी खोलीकडे पाहिलं. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला होता आणि त्या रडत होत्या. पदराआडूनच म्हणाल्या, म्याच टाकलं बाई, मशीन म्याच बिघडवलं.

दादा, पोळ्यापासून त्या मी शाळेत गेल्यावर भिंतीला धरून न्हाणीपर्यंत चालत येत होत्या. डॉक्टरांनी ज्यांना उठता येणार नाही असं सांगितलं होतं, त्या. लोट्या-लोट्याने टबात पाणी ओतून थोडी फडकी धुवायच्या आणि ओलीच गादीखाली पसरून वाळवायच्या. बादलीत फडकी कमी झालेली मला दिसत होती. मला वाटलं, औषधाचा गुण. मी त्यांना विचारलं, उठता येतं हे का नाही सांगितलं. म्हणाल्या, आधी तुह्यी बादली हलकी करीन मंग सांगीन म्हणलं होतं, तेवढ्यात हे असं झालं.

मग त्या माझ्यादेखत उठल्या. पलंगापासून न्हाणीपर्यंत अकरा पावलं आहेत. मी त्यांचा हात धरायला गेले तर झटकला. यांनी दाराशी उभं राहून डोळे पुसले आणि मग म्हणाले की रॉकेलचा वास झोंबला.

राजीनाम्याचा कागद चुलीत गेला. तू साठ-सत्तर मैलांवरून आल्यासारखा माझ्याजवळ उभा होतास, एवढंच लिहिते. जास्त लिहिलं तर अक्षरं पुसतील.

तुझी,
रुख्मिणी

चिखली,
ता. २७ नोव्हेंबर

चि. इंद्रभानराव यास अन्नपूर्णाबाईचे आशीर्वाद.

हे पत्र मी सोता लिहून राह्यली. उजवा हात चांगला आहे, पन दोन वर्षं त्याच्याकून काही कामच घेतलं नाई. अक्षर चौथीतलं आहे, समजून घेजा.

तुमच्या बहिनीनं राजीनाम्याचा कागद माह्या डोयादेखत लिहिला. तरी म्या तोंड उघडलं नाई. भेव वाटलं. मशीन बिघडवलं म्हनून नाई, आपल्यापायी पोरीची नोकरी जाते याचं. अन् सांगतलं असतं तं वाचली असती, हे मले समजत होतं. त्याची लाज अजून आहे. ते पोरगी मले एका शब्दानं बोलली नाई. बोलली असती तं बरं वाटलं असतं. तुमी पाय मोडून बसले अन् तिकडून तिच्या हातून मशीन खोललं, म्हनून माह्या मनातलं बाहेर आलं. तुमचे उपकार मी इसरनार नाई.

आता फडकी मशीनीत टाकायची नाई, चादरीच टाकायच्या, असं ठरलं आहे. सोमवारी ते शाळेत गेल्यावर माही चादर म्या धुतली. दोरीवर टाकता नाई आली, डावा हात तेवढा वर जात नाई. पिळून बादलीत ठेवली. तिले राग येईन वाटलं. संध्याकाळी ते आली, बादली पाह्यली, चादर दोरीवर टाकली, अन् खालचं एक टोक माह्या हातात देऊन म्हने, ओढा आत्याबाई, सुरकुती राह्यली.

पाय जपजा. लोभ ठेवजा.

अन्नपूर्णाबाई