हळद उतरली, देव ठरेना

दादा,

ही चिठ्ठी मायले वाचून दाखवा, काकूले नका दाखवू.

अंगणातली कापसाची गाडी मी रिकामी करून नेली. कापूस पडवीत झाकून ठेवला हाये. बाजार चुकला तर मले बोल लावा, नवरीले नका लावू.

माय म्हणते, नव्या जोडप्यानं आधी माहूरच्या देवीले जावं. काकू म्हणते, अमरावतीची अंबादेवीच पाह्यजे. तुमी म्हणता, कापसाचा भाव रोज चढून राहिला, बैल मोकळे झाले का पाहू. लग्नाले दोन महिने झाले. तिच्या हातची हळद उतरून गेली, पण तुमचा देव काही ठरून नाही राहिला. अन दर्शन झाल्याबिगर जोडप्यानं एका खोलीत निजू नये, हा आपल्या घरचा रिवाज. ते मायजवळ निजते, मी गोठ्यात.

आज पहाटे मी तिलेच इचारलं, तुले कोणत्या देवाले जायचं? तिनं आधी मांगं वळून पाह्यलं, मी दुसऱ्या कोणाले इचारून राहिलो का म्हणून.

मंग तिनं गाव सांगितलं. आमी निघालो. कोणतं गाव ते लिहीत नाही. लिहिलं तर काकू दुसरी गाडी जुंपून मांगं येईन.

पुंजाराम