सरदारीणबाईंचं दार

बालिंट,

काल नव्या बायकोला घेऊन नेमका माझ्याच किल्ल्यात आलास. हंगेरीत दुसरे किल्ले नव्हते का रे? आत शिरताना जुनी लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून बुटांवर चढवायच्या त्या लोकरी सपातांची नाडी तू वाकून तिच्या पायाला बांधलीस. माझी कधी बांधलीस?

मग मीही गाईडच्या ठसक्यात सांगून टाकलं, "तुर्कांशी लढायला गेलेला सरदार दुसरी बाई घेऊन परतला, तेव्हा सरदारीणबाईंनी दार उघडलंच नाही."

"बरी खोड मोडली!" तुझी किंगा म्हणाली.

तू खाली बघून हसलास. इथे गाईड होतास तेव्हा तूही हीच गोष्ट सांगायचास.

पत्र टाकणार नाहीये, म्हणून कबूल करते: खऱ्या गोष्टीत सरदारीणबाईंनी पहिल्याच हाकेला दार उघडलं होतं.

अजून किल्ल्यातच असलेली,
एतेल्का