मागच्या खोलीतली रेंज

३ नोव्हेंबर, सोमवार
सिंदी मेघेचं घर छान आहे. कारंजाहून सामान सकाळीच पोचलं. बाबांचा पलंग मागच्या खोलीत खिडकीपाशी लावला. लकव्यानंतर त्यांना उठता येत नाही आणि माझी कॉलेजच्या लायब्ररीत दिवसभर ड्यूटी. म्हणून त्यांच्या खोलीत कॅमेरा बसवला, आणि तोंडाने सांगितलं की चालू-बंद होणारा दिवा, पंखा अन् बोलणारा स्पीकर. बाबांनी पंख्याला तीनदा हुकूम सोडला आणि लहान पोरासारखे हसले.

५ नोव्हेंबर
एकच त्रास. मागच्या खोलीत वायफाय धड पोचत नाही. लायब्ररीतून कॅमेरा उघडला की चित्र अडकतं. राऊटर लोखंडी कपाटामागे होता, तो हॉलच्या मधोमध उंचावर ठेवला. फरक पडला.
बाबा म्हणाले, दुपारी एक बाई दारापर्यंत येऊन गेली. शेजारच्या कुसुमबाई असतील. एक किल्ली त्यांच्याकडे दिली आहे.

७ नोव्हेंबर
कुसुमबाई तर तीन दिवस लेकीकडे गेल्या होत्या. आज परतल्या.
राऊटरच्या ॲपमध्ये बघितलं, काय काय जोडलेलं आहे. कॅमेरा, दिवा, पंखा, स्पीकर, माझा फोन. आणि खाली सहावं नाव : कांता.
कोणीतरी फुकटचं नेट वापरतंय. पासवर्ड बदलला.

८ नोव्हेंबर
यादीत पुन्हा कांता. नवा पासवर्ड मी कुणालाच सांगितलेला नाही.
सिग्नल वाढवणारा डबा आणून बाबांच्या खोलीत लावला. रेंज पूर्ण. चित्र एकदाही अडकलं नाही.
संध्याकाळी बाबा म्हणाले, "आता थे बाई आत येऊन बसते."

१० नोव्हेंबर
कुसुमबाईंना नाव विचारलं. निवडायला घेतलेली भाजी त्यांनी खाली ठेवली. कांता म्हणजे घरमालकाची बायको. मागच्या खोलीत छातीत दुखायला लागलं, घरात कोणी नव्हतं.
"फोन हातातच होता वो तिच्या. लावून राह्यली होती, पण त्या खोलीत रेंजच नाई."
फोन मुठीतून सुटेना. तसाच चितेवर गेला.
आजच दुसरं घर बघायला लागते.

११ नोव्हेंबर, दुपार
कॅमेऱ्यात दिसलं — बाबांच्या पायाशी गादी दबलेली. कोणी नाही. बाबा तिकडे बघून मान हलवत होते.
सुटी टाकून धावत घरी आले. राऊटर, डबा, सगळ्या वायरी उपटल्या. ॲपमधून माझ्या पाचही वस्तू गेल्या. कांता तशीच. रेंज पूर्ण —

कुसुमबाई गाडी बघायला गेल्यात. बाबांना आत्ताच इथून —

माझा फोन वाजतोय. स्क्रीनवर तेच नाव.
नाही उचलणार.
बाबा म्हणतात, उचल, बिचारी कवाची लावून राह्यली.

उचललाच नाही. आपोआप — नुसती धाप. मग विचारते, काऊन इतका उशीर —

बाबांचा हात छातीवर. घाम. दवाखान्यात लावतेय. प्रत्येक वेळी तीच उच