केदारखेड्याच्या राणीचं म्हणणं

कुंभार पिंपळगाव

धर्मराज यास, वर्षाराणीचा नमस्कार.

आत्याबाईंचे गुडघे आता कसे आहेत? प्रीतीची तब्येत? तुझा घसा बरा असणारच. या आठवड्यात तो एसटीत, पिठाच्या गिरणीत आणि दातांच्या दवाखान्यात ऐकला. आमच्याकडे आनंद आहे. पायलचं लग्न ठरलं. मुलगा जालन्याला एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात आहे. फार बोलत नाही. (न बोलणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं आहे. ते गाणी करत नाहीत.)

अडचण तुझ्या गाण्याची आहे. मुलाकडच्यांनी वरातीला तेच मागितलंय. 'केदारखेड्याची राणी गाडीत बसली, मागं वळून पाहिलं न्हाई.' केदारखेड्यात राणी एकच होती आणि ती आता नवरीची आई आहे, हे साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. गाणं लागलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मंग यांच्याकडे. लेकीच्या लग्नात एक दिवस मला फक्त नवरीची आई म्हणून उभं राहायचंय.

गाणं नवं होतं तेव्हा मीही ऐकलं. गिटार, तोंडाने वाजवायचा बाजा, आणि डोक्यावर अशी हॅट, जी भोकरदन तालुक्यात गुरांमागे जाताना कुणी घातलेली नाही. अमेरिकेतले गुराखी असंच रडतात, असं तू मुलाखतीत सांगितलंस. त्यांचं मला माहीत नाही. पण गाडी बैलांची नव्हती, टेम्पो होता. मला गाद्यांवर बसवलं होतं, तोंड मागच्या फाळक्याकडे. जालना येईपर्यंत मागे पाहण्यावाचून इलाज नव्हता. तू दिसला नाहीस, कारण तू पुण्यात होतास. आत्याच्या मुलाला मामाची मुलगी, हे आपलं पाळण्यात ठरलेलं. ते मोडल्याचा निरोप तूच बाबांना पाठवलास, संगीत समजणारी मुलगी पाहिजे म्हणून. तशी प्रीती तुला मिळाली, मला दोन लेकरं झाली, आणि मंग तुला माझा विरह झाला.

पुढे गाण्याला पिल्लं झाली. पहिलं एका मुलीने म्हटलं. त्यात तो निघून जातो आणि ती दारात उभी राहते. तेवढं एकच खरं होतं; ते चाललं नाही. मंग डीजेवाल्यांनी गाणं इतकं पळवलं, की राणी दम न घेता सासरी पोचते. त्यावर हे (म्हणजे काकासाहेब, ज्यांच्या घरी ती पोचली) गणपतीत नाचून आले. नंतर आमच्या भजनी मंडळाने घेतलं. तिथे राणी म्हणजे आत्मा, गाडी म्हणजे देह. आसराबाई, माझ्या सासूबाई, डोळे पुसत म्हणाल्या, "आत्मा बी किती निर्दयी असतो गं, वर्षा." बघत माझ्याकडे होत्या.

म्हणून मी बँडवाल्या मेहबूबभाईंकडे गेल्ते. हे एक सोडून काहीही वाजवा, म्हटलं. (बँडला शब्द नसतात, पण लोकांना पाठ आहेत.) ते क्लॅरिनेट पुसत राहिले.

"भाभी, उसके बगैर बारात आगेच नहीं सरकती," म्हणाले. "और आपका तो घर का गाना है."

घरी आले. चहा केला. तो पिताना सुचलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवते. बाकी तुझं चाललंय तसं चालू दे.

वर्षाराणी

ता. क. पत्रिका सोबत आहे. त्यात मामा म्हणून तुझं नाव छापलंय. मला भाऊ नाही, आणि मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा लागतो. यांना विचारलं, तर म्हणाले, "बिलकुल बराबर. त्यांच्याबिगर हाये कोण आपल्याला?" केदारखेड्यात पत्रिका घरोघर वाटून झाल्यात. आदल्या दिवशी यावे. गिटार आणू नये. फेटा आम्ही बांधू.

ता. क. २. मेहबूबभाईंना आता निरोप धाडलाय, की गाणं जरूर वाजवा, पाहिजे तितक्यांदा वाजवा. बहीण सासरी गेली म्हणून भाऊ रडला, यात कुणी वळून बघावं असं काही नसतं.