मामांचा ठोका आणि मेलेला तारा

तीर्थरूप मामांना, आणि चष्मा लावून हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या मामींना, साष्टांग नमस्कार. मी बरा आहे. तुमच्या छातीत बसवलेलं यंत्र कसं आहे? मागच्या पत्रात 'ठणठणीत आहे' असं होतं, पण ते तुमच्याबद्दल की यंत्राबद्दल, हे कळलं नाही. फोन केला असता, पण यंत्राला बाधतो म्हणून मामींनी तो कपाटात कुलूपबंद ठेवलाय.

तुमच्या ओळखीने मिळालेली साफसफाईची नोकरी चांगली आहे. आमच्या बाई ताऱ्यांचा अभ्यास करतात. सध्या त्यांच्याकडे एक मेलेला तारा आहे. (आटून आटून एखाद्या शहराएवढाच उरलाय.) तो शेजारच्या जिवंत ताऱ्याला ओढून खातो आणि खाताना लाखो सूर्यांइतका पेटतो. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, हाडांचे फोटो काढतात त्या जातीचा आहे. बाई म्हणतात, खाण्याला मर्यादा असते, फार खाल्लं की उजेडच पुढचा घास मागे ढकलतो. हा मात्र मर्यादा ओलांडूनही खातच बसलाय. मला मामींच्या धाकट्या भावाची आठवण झाली. (मामी, हे वाक्य गाळून वाचा.) खाईल तसा हा तारा जास्तच गरगरतो, आणि दर गिरकीला उजेडाचा एक ठोका. बाईंनी त्या ठोक्यांचा आवाज करून स्पीकरवर लावलाय. ठक्, ठक्. साधारण माणसाच्या छातीत वाजतं तसं.

परवा पुसायला म्हणून मी स्पीकरची वायर काढली. ठक् ठक् चालूच! मी भिंतीला चिकटलो. बाई मान वर न करता म्हणाल्या, "अरे बाबा, तो झाडू आपटणं थांबव आधी." पाहिलं तर माझाच हात दांडा फरशीवर आपटत होता, बरोबर त्याच ठेक्यात. हात थांबवला. मग ऐकू आलं, की बाईंचं पेनही टेबलावर तसंच वाजतंय. (त्यांना सांगितलं नाही. नोकरी नवी आहे.) खोलीवर आलो, तर घरमालकीणबाईंचं शिलाई मशीनही तोच ठेका धरून. "काय रे, भूत पाहिलंस की काय?" त्या म्हणाल्या. "पाहिलं नाही, ऐकलं," मी म्हटलं. त्यांनी मला लिंबूपाणी दिलं.

बाकी सर्व क्षेम. जेवण वेळेवर होतं.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या यंत्राचा ठोका डॉक्टरांनी किती वेगावर ठेवलाय, ते कळवा. सहज विचारतोय.

आणखी एक. सहज नाही. निघताना पाया पडून तुमच्या गळ्यात पडलो, तेव्हा कान तुमच्या छातीवर होता. तो ठेका मला पाठ आहे. हाच आहे. बाई म्हणतात, आपण ऐकतो ते कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेलं. तारा आत्ता काय करतोय, कोणालाच ठाऊक नाही. तुमचं 'ठणठणीत'सुद्धा मला उशिराच पोचलं.

पाकीट बंद करता करता: आज सकाळपासून स्पीकर गप्प आहे. वायर लावलेली आहे, मी पुन्हा पुन्हा पाहिली. बाई म्हणतात, "घाबरतोस काय? असे तारे मधेच गप्प होतात, मग परत सुरू होतात." मामा, हे मिळताच मामींना कपाट उघडायला लावा. भावावरून त्यांनी फोनवर मला वाट्टेल तेवढं बोलावं. फक्त मागून तुमचं हसणं ऐकू येऊ दे.