तिघांचा रविवार

शनिवार, ३ जानेवारी
एकदाचं सामान लागलं. परळची खोली सोडून भाईंदर पश्चिमेला सातव्या मजल्यावर आलोय आणि चक्क दोन बाल्कन्या मिळाल्यात. एक माझी, एक बटरची. बटर म्हणजे आमचा कुत्रा. बेकरीबाहेर सापडला म्हणून सुचेताने, माझ्या बायकोने, ठेवलेलं नाव. हे घरही तिनेच पसंत केलं, खिडकीतून मोरवा गावामागचं, खाडीकाठचं तिवरांचं जंगल दिसतं म्हणून. पण दिवाळीआधीच ती गेली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भावाने, मेहुणीने काय काय कबूल करून पाहिलं. शेवटी मी म्हटलं, सुचेता, नव्या घरी गेलो की दर रविवारी आपण तिघं जंगलात फिरायला जाऊ. बोलणं संपायच्या आत कावळ्याने घास उचलला. उद्या रविवार आहे.

रविवार, ४ जानेवारी
मस्त हवा. पंखा बंद केला की संपते एवढीच थंडी, पण सोसायटीत सगळे माकडटोप्या चढवून फिरतायत. मीही चढवली. मोरवा ओलांडून बांधावर गेलो. ओहोटी होती, दोन्हीकडे तिवरं, चिखलात बगळे. एरवी मला फरफटत नेणारं बटर नावाचं हे ध्यान आज शहाण्यासारखं चाललं. फक्त माझ्यापासून एका माणसाची जागा सोडून, आणि सारखं त्या रिकाम्या जागेकडे मान वर करून बघत. मला हसू आलं. मग रडूही आलं, कुणी बघत नव्हतं म्हणून रडून घेतलं.

रविवार, ११ जानेवारी
मोरव्यात विमलाबाई नावाची म्हातारी दारात सुकट निवडत बसते. परतताना तिने विचारलं, जाताना तिघं होतात, बायको कुठं ठेवलीस. मी म्हटलं, ती वारली. म्हातारीचे हात थांबले. म्हणाली, तरीच ती तिवरांपाशी थांबते, गावात येत न्हाय. लोकांना काही कामधंदे नसतात. मघाशी परत निघताना बटर मात्र बांधाच्या टोकाला मागे बघत बसून राहिला होता, उचलून आणावा लागला.

घरी येऊन चहा केला. दोन कप.

रविवार, १८ जानेवारी
बांधावर माझ्या हातातून पट्टा कुणीतरी हळूच काढून घेतला. परळला गल्लीत फिरताना ती असंच करायची, माझा खांदा दुखतो म्हणून. बटर तिवरांत शिरला. पट्टा जमिनीवर घासत नव्हता. कुणी धरावा तसा वर, ताणलेला होता. मी हाका मारल्या. त्याने एकदा वळून पाहिलं आणि गेला.

सोमवार, १९ जानेवारी
कामावर गेलो नाही. चिखलात बटरची पावलं सापडली. फक्त त्याचीच. जेवण त्याच्या ताटलीत वाढून ठेवलंय. घरात दुसरं कुणी नाही माझ्याशी बोलायला. तोच होता.

शनिवार, २४ जानेवारी
विमलाबाईंकडे गेलो, दहाव्याचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पिंडापाशी दिलेला शब्द पिंडापाशीच परत घ्यावा लागतो. भाताचा गोळा ठेव, सांग, कुत्रा माझा हाय, तू जा. कावळा शिवला तर येईल तो.

भात शिजवता येईल. पण तिला जा कसं म्हणू? इतके दिवस तेवढंच तर म्हणता आलं नाही मला.

रविवार, २५ जानेवारी
वही घेऊनच आलोय. बांधावर बसलोय. पिंड ठेवला.

बटर पलीकडे, तिवरांच्या कडेला. शेपूट हलवतोय. पट्टा वर ताणलेला —

म्हटलं. बटर माझा आहे, तू जा.

कावळा समोर बसलाय. बघतोय. शिवत नाही.

पुन्हा म्हटलं. कावळा तसाच —

भरती चढतेय. बटर वळला. चाललेत दोघं. मला सोडून —

म्हटलं, सुचेता, थांब. मीही येतो.

कावळ्याने लगेच —