गेलेल्यामागचा झाडू

अल सद्द, गुरुवार संध्याकाळ

मेक्सिकोतल्या याकी लोकांबद्दल वाचते आहे. इथल्या आखातातल्या जुन्या लोकांसारखेच त्यांच्यातले काही बुडी मारून मोती काढायचे. पुढे सरकारने त्यांना बोटींत कोंबून देशोधडीला लावलं. तरी काही जण चालत आपल्या नदीकाठी परतले.

बोटी सुटल्यावर मागे राहिलेल्या बायकांनी लगेच घर झाडलं असेल का? आमच्या रत्नागिरीकडे बोट खाडीबाहेर पडेपर्यंत केर काढत नाहीत, नाहीतर गेलेला परतत नाही म्हणतात. इथे साजिदचे अब्बा टगबोटीवरून रोज संध्याकाळी घरी यायचे, म्हणून मी ते पाळणं सोडून दिलं. त्या सकाळीही ते जिना उतरताच झाडू घेतला. दुपारी बोटीवरच त्यांचा इंतकाल झाला.

आज साजिद निघताच सुनेने झाडू उचलला.

"थांब गं, गाडी लांब जाऊ दे."

"अम्मी, इथे जवळ अल गराफ्यालाच तर गेलाय!"

मी हसले. झाडू मात्र काढून घेतला. चालतसुद्धा परत येतात माणसं.